बोली, भाषासंकेत आणि मालवणीचा गुंता : पार्श्वभूमी

संगणक-मोबाइलमध्ये भाषेचा आणि देशाचा संकेत जोडून भाषेच्या सेटिंगची खूण करण्याची रीत जुनी आहे. मराठीची खूण 'एमआर-आयएन'. ब्रिटिश आणि अमेरिकी इंग्रजी किंवा पोर्तुगाल आणि ब्राझीलची पोर्तुगीज वेगळी ठेवायला ती पुरली. एकाच राज्यात बोली पालटते, त्याची मात्र तिला गंधवार्ता नव्हती.

२००६ मध्ये भाषाखुणांचे नियम नव्याने लिहिले गेले, तेव्हा लिपी आणि बोलीभेद यांसाठी घटक आले. पण प्रदेशाचा घटक देश किंवा देशसमूह यांपुरताच राहिल्यामुळे कोकण वा विदर्भ त्यात लिहिता येत नाही. बोलीभेदाचा घटक आधी नोंदवावा लागतो, आणि आपल्यापुरता ठरवलेला खासगी घटक जोडला तरी त्याचा अर्थ दुसऱ्या प्रणालीला कळत नाही.

गुंता वाढला तो २००७ च्या भाषांच्या तीन अक्षरी संकेतांमुळे. वऱ्हाडी-नागपुरी आणि अहिराणी यांना स्वतंत्र भाषांचे संकेत मिळाले. कोकणीला 'केओके' हा छत्रसंकेत देऊन त्याखाली गोव्याची कोकणी 'जीओएम' आणि दुसरी 'केएनएन' अशी विभागणी झाली. या दुसरीचे नावही नुसते कोकणीच, म्हणजे छत्र आणि छत्राखालचा माणूस एकाच नावाचे! २०११ च्या जनगणनेत मालवणी कोकणीखाली मोजली गेली आहे, त्यामुळे लालबाग-परळमध्ये घरी मालवणी बोलणाऱ्या आणि शाळेत मराठी शिकलेल्या वापरकर्त्यासाठीची भाषांतरांची फाइल 'केएनएन'खाली ठेवणे कागदोपत्री बरोबर ठरते.

व्यवहारात मात्र ते अडचणीचे आहे. एखाद्या वाक्याचे भाषांतर नसेल, तर प्रणाली खुणेचे शेवटचे घटक एकेक गाळत मागे जाते. 'केएनएन-आयएन'वरून ती 'केएनएन'वर येते आणि तेथेही काही न मिळाल्यास मूळ भाषेवर, म्हणजे बहुधा इंग्रजीवर, जाऊन थांबते. मराठी वाटेत लागतच नाही. तीच फाइल 'एमआर'पुढे खासगी घटक जोडून ठेवली, तर उरलेली वाक्ये मराठीत दिसतात. मालवणी भाषा की बोली, हा वाद अभ्यासकांचा आहे. सेटिंगपुरते पाहिले, तर वापरकर्त्याला पर्यायी म्हणून कोणती भाषा वाचता येते याला अधिक वजन द्यायला हवे होते, आणि संकेत ठरवताना त्याचा विचार झालेला दिसत नाही.

२०१६ पासून अँड्रॉइड मोबाइलमध्ये भाषांचा पसंतीक्रम लावता येऊ लागला आणि मराठी दुसऱ्या क्रमांकावर ठेवण्याची सोय झाली. परंतु हा क्रम वापरकर्त्याने स्वतः लावावा लागतो, आणि ज्या उपयोजनात भाषेची निवड आतल्या सेटिंगमधून होते, तेथे त्याचा उपयोग होईलच असे नाही.