वैताग किती, सातपैकी?

दम्याच्या मुलाची फुप्फुसं कितपत काम करताहेत हे नळीत फुंकर मारून कळतं. पण गेला आठवडा त्याचा कसा गेला, हे त्या नळीत उमटत नाही. फुंकर छान निघते आणि पोरगं रात्रभर खोकत उशाला टेकून बसलेलं असतं, असंही होतं.

त्यासाठी कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या एलिझाबेथ जुनिपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ७ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी २३ प्रश्न प्रसिद्ध केले: लक्षणांचे १०, खेळण्या-धावण्यातल्या अडचणींचे ५, भावनांचे ८. प्रत्येक उत्तराला १ ते ७ गुण. ७ म्हणजे त्रासच नाही. सरासरी अर्ध्या गुणाने हलली तरी तो फरक मुलाला जाणवण्याइतका मानतात. प्रश्न मुलालाच विचारायचे, कारण आईबाबांचा अंदाज बऱ्याचदा चुकतो.

खरी पंचाईत भाषांतरात होते. मूळ इंग्रजीत 'फ्रस्ट्रेटेड' वाटलं का, असा प्रश्न आहे. मराठीत काय लिहाल? 'निराश' फार जड, 'हताश' तर नाटकातला. माझं मत 'वैताग'ला. पण वैतागात चिडचिड मिसळलेली असते, आणि चिडचिडीचा प्रश्न वेगळा आहे! म्हणून भाषांतर पुन्हा इंग्रजीत उलटवून ताडून पाहतात, मग मुलांनाच विचारतात, 'यातून तुला काय कळलं?' ही शेवटची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते.

'व्हीझ', म्हणजे श्वास घेता-सोडताना छातीतून येणारा आवाज, त्याचंही तसंच. आपल्याकडे कुणी घरघर म्हणतं, कुणी शिट्टी, कुणी नुसतंच 'छाती भरलीय'. १९९० च्या दशकात ५६ देशांतल्या १३-१४ वर्षांच्या ४,६३,८०१ मुलांची 'आयझॅक' ही दमा आणि ॲलर्जीची पाहणी झाली. त्यात मुंबई, पुणे, अकोल्यातली मुलंही होती. शब्दांचा हा घोळ टाळायला तिथे अनेक केंद्रांवर दम लागलेल्या मुलांची चित्रफीत दाखवून विचारलं: तुझा श्वास कधी असा झालाय का?

खेळाचे प्रश्न मात्र चित्रफितीनेही सुटत नाहीत. एकाला आइस हॉकी, दुसऱ्याला लंगडी, तिसरीला चार जिने चढणं. मूळ प्रश्नावलीत मूल आपल्या तीन गोष्टी स्वतःच निवडतं, ही चांगली सोय. पण ज्या मुलीला दम लागतो म्हणून घरच्यांनी केव्हाच खेळायला पाठवणं बंद केलं, ती काय निवडणार? धावलीच नाही तर धाप कुठली. खेळाच्या प्रश्नांत तिचे गुण सातच्या आसपासही येऊ शकतात.