मिठाच्या खड्याचा जमाखर्च

दृष्ट काढून झाली की आजी मीठ-मोहऱ्या चुलीत टाकायची. मीठ तडतडलं की म्हणायची, "बघ, केवढी दृष्ट लागली होती!" तडतडायला कारण असतं खड्यात अडकलेलं पाणी, त्याची वाफ होते आणि खडा फुटतो. दृष्ट लागो न लागो, खडेमीठ तडतडणारच. नवल करायचंच तर याचं करावं, की ते वितळवायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. एवढी घट्ट मिठी आली कुठून?

शाळेतलं उत्तर आपल्याला पाठ आहे. सोडियमला एक इलेक्ट्रॉन द्यायचा असतो, क्लोरीनला एक हवा असतो, अष्टक (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण, दोघेही खूश. मला ही दानशूरपणाची गोष्ट कधीच पटली नाही. एक मोल, म्हणजे सुमारे ६×१०²³, सोडियम अणूंकडून इलेक्ट्रॉन काढून घ्यायला ४९६ किलोज्यूल मोजावे लागतात; क्लोरीन तो घेताना ३४९ परत देतो. म्हणजे १४७ चा तोटा. त्याआधी धातूतले अणू सुटे करायला १०७ आणि क्लोरीनच्या जोड्या फोडायला १२२. एकूण खड्डा ३७६ चा.

तो भरून काढतो स्फटिक. एका सोडियम आयनाजवळ, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावून धन प्रभार आलेल्या अणूजवळ, उभे राहा. सहा क्लोराइड (इलेक्ट्रॉन घेऊन ऋण झालेले क्लोरीन) अगदी लगत, २८२ पिकोमीटरवर, ते ओढतात. त्यांच्यामागे √२ पट अंतरावर बारा सोडियम, ते ढकलतात. मग √३ पट अंतरावर आठ क्लोराइड, पुन्हा ओढ. ओढ अधिक, ढकलणं उणे, प्रत्येकाला अंतराने भागून बेरीज: ६ − १२/√२ + ८/√३ − ६/२ + … करून पाहा: ६, −२.४९, २.१३, −०.८७. नुसते झोके! घनाच्या आकाराने थरामागून थर मोजत गेलं, की मात्र ती १.७४७६ वर स्थिरावते. हाच माडेलुंग स्थिरांक, १९१८ चा. एवढ्याच अंतरावरच्या एकट्या जोडीची ओढ मोलमागे ४९३. स्फटिकात ती पावणेदोन पट, ८६१. भिडलेले इलेक्ट्रॉनमेघ एकमेकांना रेटतात, तेवढं वजा जाता ७८७ उरतात. खड्डा बुजवून ४११ शिल्लक. हा ताळेबंद बॉर्न आणि हाबर या शास्त्रज्ञांनी १९१९ मध्ये मांडला.

तेव्हा धातूने इलेक्ट्रॉन स्वस्तात सोडावा, अधातूने ओढून घ्यावा हे ठीकच. पण आयन लहान आणि प्रभार मोठा असेल तर महागडा सौदाही पार पडतो. मॅग्नेशियमचे दोन इलेक्ट्रॉन काढायला २१८९ लागतात. ऑक्सिजनवर दुसरा इलेक्ट्रॉन तर लादावाच लागतो, अष्टक पूर्ण होत असूनही! पण जालक, म्हणजे स्फटिकातली आयनांची मांडणी, सुमारे ३८०० देतं, म्हणून मॅग्नेशियम ऑक्साइड बनतं आणि भट्टीच्या विटांत टिकतं. सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन मात्र ४५६२ मागतो. ते कुठल्या जालकाला परवडणार?

लहान आकार आणि मोठा प्रभार यांचाही अतिरेक होतो. ॲल्युमिनियमचा तिहेरी प्रभाराचा आयन इतका चिमुकला, की शेजारच्या क्लोराइडचा इलेक्ट्रॉनमेघ तो स्वतःकडे खेचून घेतो आणि देणंघेणं संपून भागीदारी सुरू होते. म्हणूनच धातू-अधातूचं संयुग असूनही ॲल्युमिनियम क्लोराइड सुमारे १८० अंशांनाच, न वितळता, थेट वाफ होऊन उडून जातं.