वर्षसूत्र

वर्षसूत्र : नव्या वर्षाच्या आरंभी एखादा शब्द किंवा छोटे पद निवडून पुढील बारा महिन्यांतील निर्णय त्याच्या अनुरोधाने घेण्याची पद्धत. ‘सावकाश’, ‘पुरेसे’, ‘आधी ऐकणे’ ही अशा सूत्रांची उदाहरणे होत. संकल्पात काय, किती आणि केव्हा करायचे हे ठरलेले असल्याने तो मोडला की लगेच कळते. सूत्राचा मात्र विसर पडतो, आणि आठवण झाली की त्याच क्षणी ते पुन्हा धरता येते. रोज पहाटे धावायचे ठरवलेल्या माणसाचा पाय फेब्रुवारीत मुरगळला, तर त्याचा संकल्प बहुधा तिथेच संपतो. ‘शरीराची काळजी’ हे सूत्र घेतलेल्याने त्या पायाला विश्रांती दिली, तर तेही सूत्राचे पालनच ठरते.

अमेरिकेत चिकटवह्यांच्या कलेसाठी परिचित असलेल्या ॲली एडवर्ड्स यांनी 2006 पासून दरवर्षी एक शब्द निवडण्याचा उपक्रम चालवला आणि त्यातून या पद्धतीला मोठा वाचकवर्ग लाभला. त्यासाठी वर्षारंभच का निवडला जातो, याचे एक उत्तर हेंगचेन दाई, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस यांच्या 2014 च्या संशोधनात मिळते : आठवडा, महिना किंवा वर्ष नव्याने सुरू होताना माणसे आपल्या जुन्या चुका मागे पडल्या असे मानतात आणि व्यायामासारख्या गोष्टींकडे अधिक वळतात.

एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांच्या ध्येयविषयक संशोधनाचा निष्कर्ष मात्र असा, की ‘होईल तेवढे करा’ या मोघम सूचनेपेक्षा नेमके आणि कठीण ध्येय माणसाकडून अधिक काम करवून घेते. हा आक्षेप गंभीर आहे व तो टाळू नये. परीक्षा किंवा कर्जफेड यांसाठी आकडा आणि तारीखच लागते; सूत्राचा उपयोग होतो तो जिथे आधी काही ठरवलेलेच नसते तिथे. रात्री अकरा वाजता, तीनदा तपासलेला मजकूर चौथ्यांदा उघडायला निघालेला हात ‘पुरेसे’ या शब्दाने थांबतो, आणि हा प्रसंग कोणत्याही संकल्पाच्या यादीत आधी लिहिता आला नसता.

सूत्र निवडताना मागील वर्षी पुन्हापुन्हा कुठे अडखळलो हे पाहणे, भारदस्त शब्द शोधत बसण्यापेक्षा अधिक फलदायी ठरते. शब्द नकारार्थी नसावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात, ज्यात 1,066 जण सहभागी होते, काही नवे करण्याचे संकल्प 58.9 टक्के जणांनी वर्षभरानंतर यशस्वी मानले, तर काही टाळण्याच्या संकल्पांबाबत हे प्रमाण 47.1 टक्के होते. तो अभ्यास संकल्पांचा असला तरी सूत्र निवडणाऱ्यानेही त्याची दखल घ्यावी.

सूत्र वर्षाच्या मध्येही बदलता येते. ‘विस्तार’ हा शब्द घेतलेल्याच्या घरी जूनमध्ये दीर्घ आजारपण आले, तर तोच शब्द रोज टोचू लागतो. अशा वेळी तो बाजूला ठेवून ‘सोबत’ हा शब्द घेणे योग्य होय.