सौर डाग आणि सौरचक्र

सूर्याच्या दीप्तिगोलावर, म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या पृष्ठभागावर, दिसणारे गडद, तुलनेने थंड प्रदेश म्हणजे सौर डाग. दीप्तिगोलाचे तापमान सुमारे 5,800 केल्व्हिन असते. मोठ्या डागाच्या गाभ्याचे 4,000 च्या आसपास. तिथले हजारो गॉसचे (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) चुंबकीय क्षेत्र खालून येणारी उष्णता अडवते.

पूर्ण वाढलेल्या डागात मध्ये काळी प्रच्छाया आणि भोवती तंतुमय उपच्छाया असते. या तंतूंच्या दिशेने वायू बाहेर वाहतो, हे जॉन एव्हरशेड यांनी 1909 मध्ये कोडाईकनाल वेधशाळेत दाखवून दिले. अगदी लहान डागांना उपच्छाया नसतेच.

डागांची संख्या सरासरी 11 वर्षांनी कमी-जास्त होते. हाइन्रिख श्वाबे यांनी 1843 मध्ये हे चक्र जाहीर केले. चक्राच्या आरंभी डाग 30 अंश अक्षांशाच्या आसपास उमटतात, पुढे विषुववृत्ताकडे सरकत जातात. दर चक्राला डागांच्या जोड्यांची चुंबकीय दिशा उलटते, म्हणून चुंबकीय चक्र 22 वर्षांचे. चालू, म्हणजे 25 वे, चक्र डिसेंबर 2019 मध्ये सुरू झाले.

सोलापुरात पावसाळा सोडला तर आकाश बहुतेक निरभ्र असते, त्यामुळे रोजची डाग-नोंद इथे सहज जमते. लहान दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडावी. दुर्बिणीला डोळा कधीही लावू नये; दृष्टी कायमची जाते. वेळ सकाळची बरी, कारण दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा प्रतिमा थरथरवते. प्रतिमा 15 सेंटिमीटरची असेल तर पृथ्वीएवढा डाग सुमारे 1.4 मिलिमीटरचा भरतो. जरा मोठ्या डागात काळा ठिपका आणि त्याभोवतीची करडी कड वेगळी ओळखू येते. वैशाखातल्या इथल्या काहिलीशी या डागांचा संबंध जोडू नये: चक्रभरात सूर्याची एकूण ऊर्जा जेमतेम 0.1 टक्का बदलते, आणि तीही डाग भरपूर असताना किंचित वाढते.

चक्राबरोबर एकेका डागाची रचनाही बदलते का, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. चक्राच्या सुरुवातीच्या प्रच्छाया अधिक काळ्या असतात, असे नॉर्वेच्या अभ्यासकांनी 1978 मध्ये मांडले. पुढे अवकाशातून घेतलेल्या मोजमापांत मात्र गडदपणाचा खरा संबंध आकाराशी दिसला: डाग जितका मोठा, तितका गाभा काळा. म्हणून वेगवेगळ्या वर्षांचे डाग ताडून पाहताना सारख्या आकाराचेच निवडावेत. नाहीतर महत्तमकाळात, म्हणजे चक्रात डाग सर्वाधिक असतात तेव्हा, मोठे डाग जास्त असतात एवढ्यानेच सरासरी बदलते आणि रचनाच बदलली असे वाटू लागते.