'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' मियाझाकींचा नाही

जिब्ली या जपानी अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या सिनेमांची कुठलीही यादी उघडा, 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'पुढे हमखास हायाओ मियाझाकींचं नाव सापडतं. हा सिनेमा इसाओ ताकाहातांचा आहे. स्टुडिओ एकच, शिवाय १९८८च्या एप्रिलमध्ये जपानात हा आणि मियाझाकींचा 'माय नेबर तोतोरो' जोडीनं लागले होते, त्यामुळे घोळ कुठून आला ते कळतं. तरीही तो इतकी वर्षं टिकावा याचा मला राग येतो.

मियाझाकी तुम्हाला ठाऊक आहेत, त्यांच्यावर वेळ घालवत नाही. ताकाहातांना त्यांचा शिष्य किंवा दुय्यम सहकारी समजणारे मात्र गोष्ट उलटी धरतात. ताकाहाता १९३५चे, मियाझाकींहून पाच वर्षांनी मोठे. तोक्यो विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकून ते १९५९ साली तोएई या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत लागले. १९६८च्या 'होरुस' या सिनेमाचे दिग्दर्शक ते, तरुण मियाझाकी त्यांच्या हाताखाली. टीव्हीवरच्या 'हायडी' मालिकेतही तसंच. पुढे मियाझाकींच्या 'नाउसिका' सिनेमाचे निर्माते पुन्हा ताकाहाताच.

खरा फरक एकच आहे आणि तिथेच सगळे घसरतात: ताकाहाता अ‍ॅनिमेटर नव्हते. मियाझाकी मुळात चित्रकार. स्टोरीबोर्ड स्वतः काढणार, अ‍ॅनिमेटरांची चित्रं पुन्हा स्वतःच दुरुस्त करणार. म्हणून त्यांच्या सिनेमात कोणाचंही धावणं, जेवणं, रडणं बघा, हात ओळखू येतो. ताकाहातांची ओळख अशी चेहऱ्यांवरून शोधाल तर हाती काही लागणार नाही. 'ग्रेव्ह'मधली पात्रं योशिफुमी कोंदोंनी उभी केली, 'द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया'तली ओसामू तानाबेंनी. 'माय नेबर्स द यामादाज'मध्ये तर वर्तमानपत्रातल्या हास्यचित्रांसारख्या चार रेघा, जलरंगाचे पुसट डाग आणि उरलेला कागद कोरा. यावरून 'त्यांना स्वतःची शैलीच नाही' असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही. शैली आहे, ती नजरेत आहे.

त्यांचा 'ओन्ली यस्टरडे' घ्या. तोक्योत नोकरी करणारी सत्तावीस वर्षांची ताएको यामागाताच्या खेड्यात करडईची फुलं खुडायला जाते. आपल्याकडे जिच्या बियांचं तेल काढतात तीच करडई, तिथे पाकळ्यांपासून रंग करतात. मोठ्या ताएकोचे संवाद ताकाहातांनी आधी ध्वनिमुद्रित करून घेतले आणि मग चित्रं त्या बोलण्यावर बेतली. हसताना गालाचे स्नायू कसे वर ओढले जातात, त्याच्या रेघासुद्धा काढायला लावल्या. अनेकांना त्या खटकतात. मला त्या रेघांशिवाय ही ताएको नकोच. लहानपणच्या प्रसंगांत घरात पहिल्यांदाच अननस येतो. कापायचा कसा ते कोणाला माहीत नसतं, चवही अपेक्षेइतकी गोड निघत नाही, बाकीचे हळूहळू फोडी बाजूला सारतात आणि ती हट्टानं चावत राहते. घटना म्हणावी असं काहीच नाही, पण आख्खं कुटुंब कळतं.

मियाझाकी आपल्याला नायिकेच्या आत नेऊन बसवतात. ताकाहाता जरा लांब बसवतात, पात्र चुकताना दिसावं म्हणून. 'ग्रेव्ह'च्या सुरुवातीलाच त्याचा किशोरवयीन नायक सेइता मरतो आणि त्याचं भूत स्वतःचं मागचं आयुष्य पाहत राहतं. युद्धात धाकट्या बहिणीसह आसरा घेतलेलं नातेवाईक बाईचं घर सोडण्याचा निर्णय त्याचा स्वतःचा असतो, आईनं बँकेत ठेवलेले पैसेही असतात. 'युद्धविरोधी रडवणारा सिनेमा' एवढंच लेबल लावलं की हे सगळं नजरेआड होतं. ताकाहातांना स्वतःला ते लेबल मान्य नव्हतं, आणि १९४५च्या जूनमध्ये ओकायामावर बाँब पडले तेव्हा नऊ वर्षांचे ताकाहाता त्या आगीतून पळाले होते.

सुरुवात 'ओन्ली यस्टरडे'पासून करा, मग 'कागुया' बघा. तिथे राजकन्या मेजवानीतून पळत सुटते तेव्हा रेघा अक्षरशः फाटत जातात, आणि त्या काही मिनिटांसाठी मी जिब्लीतलं बाकी बरंच काही सोडायला तयार आहे. 'ग्रेव्ह' आधी पाहिला असेल तर पुन्हा लावा, आणि या वेळी त्या बाईच्या घरातल्या जेवणाच्या प्रसंगांत ती काय बोलते आणि सेइता दिवसभर काय करतो, याकडे लक्ष द्या.