घरगुती शुश्रूषेचा दर्जा आणि सुरक्षितता (गोवा)

म्हातारपण, लकवा, स्मृतिभ्रंश नाहीतर ऑपरेशननंतरचा अशक्तपणा, कारण काहीही असो, ज्या मोठ्या माणसाला स्वतःचं स्वतः करता येत नाही त्याची पगारी माणूस ठेवून घरीच घेतलेली काळजी म्हणजे घरगुती शुश्रूषा. गोव्यात याची गरज जास्त आहे. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या लोकांचं प्रमाण केरळात १२.६ टक्के आणि त्याखालोखाल गोव्यात ११.२ टक्के होतं, त्यात मुलं आखातात, पुण्या-मुंबईत नाहीतर पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात, मग मागे राहिलेल्या आईवडिलांसाठी घरी काळजीला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोला फोन जातो.

कायद्याचं म्हणाल तर २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. त्यात मुलांकडून महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत पोटगी मागता येते, म्हणजे पैसे कोणी द्यायचे ते ठरतं, पण सेवा कशी असावी याबद्दल त्यात काही नाही. २०१९ मध्ये या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत आलं होतं, त्यात घरी सेवा देणाऱ्या एजन्सींची नोंदणी आणि किमान दर्जा हे दोन्ही होतं, ते पास झालंच नाही आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तसं तेही संपलं. गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत कव्हर देते, पण ती हॉस्पिटलातल्या उपचारांसाठी, घरी ठेवलेल्या बाईच्या पगारासाठी नव्हे. इंग्लंडात केअर क्वालिटी कमिशन ही सरकारी यंत्रणा घरी सेवा देणाऱ्या एजन्सींची तपासणी करून त्यांना ग्रेड देते आणि नव्या केअर वर्करसाठी २०१५ पासून १५ मुद्द्यांचं केअर सर्टिफिकेट सुरू झालं. आपल्याच गावची मुलगी तिकडे जाऊन ते सगळं शिकते आणि इकडे तिच्या आईकडे येणाऱ्या बाईला कोणी काही विचारत नाही, अशी गंमत आहे.

त्यामुळे इथे इन्स्पेक्टर म्हणजे घरचेच. पहिली गोष्ट बघायची ती येणारी व्यक्ती नक्की कोण आहे. एएनएम (सहायक नर्स) दोन वर्षं शिकलेली, जीएनएम (जनरल नर्स) तीन वर्षं, दोघींकडे नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी नंबर असतो. जनरल ड्युटी असिस्टंट किंवा होम हेल्थ एड हे काही महिन्यांचे कोर्स, आणि बऱ्याच जणी तर कसलाच कोर्स न करता पांढरा कोट घालून येतात. अंघोळ, कूस बदलणं, भरवणं, बीपी-शुगर मोजून लिहिणं हे अटेंडंटचं, म्हणजे नर्स नसलेल्या मदतनिसाचं काम. इंजेक्शन, कॅथेटर (लघवीची नळी) घालणं, नाकातून भरवायची नळी बदलणं हे नर्सचं. ब्युरो पैसे घेतो नर्सचे आणि पाठवतो अटेंडंट, ही तक्रार नेहमीचीच.

इन्सुलिनचं बघा. आपल्याकडे बाटलीत बहुतेक वेळा मिलीला ४० युनिट असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. इन्सुलिन पेनाच्या काडतुसात (कार्ट्रिजमध्ये) मात्र मिलीला १०० युनिट असतं आणि १०० वाल्या सिरिंजचं टोपण नारिंगी असतं. पेन बिघडलं म्हणून कोणी काडतुसातलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं की पोटात जातात ५० युनिट, म्हणजे अडीचपट, साखर एकदम उतरून आजोबा बेशुद्ध होतात, आणि ते शांत झोपलेत असं समजून सगळे टीव्ही बघत बसतात. दर्जा दर्जा म्हणतात तो इथे आहे, टोपणाचा रंग बघण्यात.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, माकडहाड, खुबे, टाचा रोज बघायच्या, बोटाने दाबल्यावर लाली गेली नाही तर बेडसोअरची (पडून पडून होणाऱ्या जखमेची) सुरुवात समजायची. एअर मॅट्रेस घेतली म्हणून कूस बदलायची सुट्टी मिळत नाही, आणि पावसाळ्यात लाईट गेली की तिचा पंप बंद होतो ते वेगळंच. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचंही तेच, इन्व्हर्टर किंवा भरलेला सिलिंडर हाताशी लागतो, आणि देवघरातली समई, उदबत्ती त्या खोलीत नको. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर पण जमिनीला न टेकता. नळीतून भरवताना उशाकडचा भाग ३० ते ४५ अंश वर, पेज गाळून, आधी आणि नंतर पाणी सोडून. जुन्या घरांतले उंच उंबरठे आणि बुळबुळीत न्हाणी हे पडण्याचे ठरलेले स्पॉट, तिथे हात धरायला दांडी आणि रात्री दिवा हवा.

पण सगळ्यात जास्त घोळ होतो तो बाई बदलताना. चवथीला किंवा नाताळात जुनी बाई गावी जाते, नवी सकाळच्या बसने येते, दोघींची भेटही होत नाही, आणि सकाळची बीपीची गोळी दिली की नाही हे कोणालाच माहीत नसतं. यासाठी साधी दोनशे पानी वही पुरते: वेळ, औषध, खाणं-पाणी, लघवी-शौच, कुठल्या कुशीवर, आणि शेवटी सही. 'सगळं ठीक' असं लिहिलेलं पान म्हणजे कोरं पानच समजा. परदेशातल्या मुलाने रोज व्हॉट्सअॅपवर त्या पानाचा फोटो मागवला तर कॅमेऱ्यापेक्षा जास्त कळतं.

बाईची सुरक्षितताही यातच येते. चोवीस तासांच्या ड्युटीत सलग झोप न मिळालेली बाई रात्री दोन वाजता कूस बदलणार नाहीच, म्हणून रात्री जागरण असेल तर दोन पाळ्या लागतात. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घर हेसुद्धा कामाची जागा धरलंय. उलट बाजूने घरच्यांनी बाईचं पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्यायचं, आणि एटीएमचा पिन कोणालाच सांगायचा नाही.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात, डायपर कागदात गुंडाळून वेगळे, कारण कचरा उचलणाऱ्याच्या हातात सुई घुसते.

तातडीला १०८, ज्येष्ठांच्या अडचणीसाठी १४५६७. पैसे घेऊन दिलेली सेवा असल्यामुळे ब्युरोविरुद्ध ग्राहक आयोगातही जाता येतं, पण तिथे पावती उपयोगी पडते आणि बरेच ब्युरो रोख घेऊन साधी चिठ्ठीही देत नाहीत, तेव्हा बाईचं नाव, शिक्षण आणि कामाचे तास लिहिलेली पावती पहिल्याच महिन्याला मागून घ्यायची.