मेंदूतलं डोपामाइन मोजतात कसं?

‘डोपामाइन डिटॉक्स’चं खूळ आता मराठी रील्समध्येही शिरलं आहे. दोन दिवस मोबाइल बंद ठेवा, डोपामाइनची, म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाची, ‘पातळी’ ताळ्यावर येईल, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. लघवी तपासून मेंदूतल्या रसायनांचा अहवाल देऊ म्हणणाऱ्या जाहिरातीही दिसतात. मोबाइल कमी पाहावा, त्यात वाद नाही. पण ही पातळी मोजली कुणी, आणि कशानं? लघवीतलं डोपामाइन बहुतांशी मूत्रपिंडातच तयार होतं. रक्तातलं डोपामाइन मेंदूत शिरू शकत नाही. मेंदूतलं मोजायचं तर मेंदूतच जावं लागतं.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात राल्फ ॲडम्स आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत कार्बनचा इलेक्ट्रोड बसवून ही वाट उघडली. पुढे मार्क वाइटमन यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञांनी तिला जे रूप दिलं, ते मला फार देखणं वाटतं.

सुमारे ७ मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्शाइतका कार्बनचा तंतू घ्यायचा आणि त्याचं टोक मेंदूत ठेवायचं. त्यावरचा विद्युतदाब उणे ०.४ व्होल्टपासून अधिक १.३ व्होल्टपर्यंत चढवायचा आणि परत उतरवायचा. वेग सेकंदाला ४०० व्होल्ट. सगळी फेरी साडेआठ मिलिसेकंदांत संपते, आणि अशा फेऱ्या सेकंदाला दहा. मधल्या वेळात तंतू ऋणभारित असतो, त्यामुळे धनभारित डोपामाइन त्याला येऊन चिकटतं. दाब चढताना ०.६ व्होल्टच्या आसपास डोपामाइनचा रेणू दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि त्याचं क्विनोन नावाचं संयुग होतं. हेच ऑक्सिडीकरण. उतरताना उणे ०.२ च्या सुमारास क्विनोन ते इलेक्ट्रॉन परत घेतं. प्रवाहाच्या आलेखात दोन उंचवटे उमटतात, तीच डोपामाइनची ओळख. मेंदूत भरपूर असलेलं क जीवनसत्त्वही इलेक्ट्रॉन देतं, पण परत घेत नाही, म्हणून ते वेगळं काढता येतं. नॉरएड्रेनालिन या दुसऱ्या निरोप्या रसायनाचा आलेख मात्र जवळपास डोपामाइनसारखाच असतो. तिथे रसायनशास्त्र पुरं पडत नाही. जिथे डोपामाइनच प्रबळ आहे अशी मेंदूतली जागा निवडावी लागते.

आता खरी मेख. दाब इतक्या वेगाने बदलला की तंतूचा पृष्ठभाग कपॅसिटरसारखा भारित होतो. या भाराचा प्रवाह डोपामाइनच्या प्रवाहाच्या कितीतरी पट मोठा असतो, ढोल-ताशांच्या गजरात कुणाची कुजबुज ऐकावी तशी गत होते. सुटका एवढीच, की हा गजर थोडा वेळ जवळजवळ एकसारखा राहतो. म्हणून आधीच्या फेरीचा प्रवाह नंतरच्या फेरीतून वजा करतात. उरतो तो फरक. म्हणजे एवढं नाजूक यंत्रही डोपामाइन ‘किती आहे’ हे सांगत नाही, गेल्या काही क्षणांत ‘किती बदललं’ ते सांगतं. मिनिट-दीड मिनिटापलीकडे तेही भरवशाचं नसतं, कारण तोवर गजरही बदललेला असतो. मग दोन दिवसांच्या उपासाने पातळी घटली, हे रीलवाल्यांना कुठून कळलं?

माणसातही ही मोजणी झाली आहे. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया अनेकदा रुग्ण जागा असतानाच करतात. त्या वेळी, रुग्णांच्या संमतीने, १७ जणांना गुंतवणुकीचा एक खेळ खेळायला देऊन त्यांच्या डोपामाइनमधले चढउतार टिपले गेले. तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

मेंदूतलं आणखी एक निरोप्या रसायन, ग्लुटामेट, असे सहज इलेक्ट्रॉन देत नाही, त्यामुळे नुसता कार्बन तिथे निरुपयोगी. त्यासाठी २०१३ मध्ये, आणि डोपामाइनसाठी २०१८ मध्ये, चकाकणारी प्रथिनं आली. जेलीफिशमधल्या हिरव्या प्रथिनाला न्यूरोट्रान्समीटर, म्हणजे असं निरोप्या रसायन, पकडणाऱ्या प्रथिनाची जोड दिलेली असते. रेणू पकडला गेला की आकार बदलतो आणि चमक वाढते. पण त्यासाठी पेशींत नवं जनुक घालावं लागतं, वर मेंदूपर्यंत प्रकाश पोचवावा लागतो. त्यामुळे ही प्रथिनं सध्या उंदरांसारख्या प्रयोगशाळेतल्या प्राण्यांतच वापरली जातात.